रविवारी नवा संसार सुरू होतोय

माझ्या दादाला त्या मालिकेचं वेड होतं हे खरं, पण या खेपेला त्याला मालिका नको होती, लेक हवी होती. लेकीनं एक रविवार देवासला यावं, आपल्या शेजारी सोफ्यावर बसावं आणि दोघांनी मिळून ते रॉकेट उडताना बघावं, बस्स. तेवढ्यासाठी त्या माणसानं घराला रंग दिला. जुना सोफा भंगारवाल्याला देऊन नवा आणला. मी धारहून फोनवर ओरडले, "अरे, सोयरीक ठरल्यासारखं काय चाललंय तुझं?" तर म्हणाला, "तू गप्प बस आणि रविवारी ये."

सोयरीक हा शब्द मी उगाच बोलून गेले होते.

आता मालिका कुठली, ते सांगते. आम्ही शाळेत असताना रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. हिंदी. पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही, म्हणून काही माणसं यानात बसून दुसरं ठिकाण शोधायला निघालेली. यान पुठ्ठ्याचं होतं, आणि ते कळायचं. दर भागाच्या शेवटी पांढऱ्या मिशांचा कप्तान खिडकीशी उभा राहून म्हणायचा, "संसार बहुत बड़ा है, साथियो। कहीं न कहीं हमारा भी ठिकाना होगा।" मग भोंग्यासारखं संगीत वाजायचं आणि आम्ही आंघोळीला पळायचो.

आमची आई साताऱ्याकडची. लग्न होऊन धारला आली तेव्हा तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं, आणि शेवटपर्यंत भाजीवाल्याशी भांडण्याइतकंच आलं. मी शाळेत हिंदी शिकवते. आमच्याकडच्या मराठी घरांतल्या पोरांना मला दरवर्षी सांगावं लागतं की बाबांनो, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं, आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. संसाराचंही तसंच. हिंदीत संसार म्हणजे सगळं जग, आणि आपल्याकडे संसार म्हणजे नवरा, बायको, पोळपाट-लाटणं आणि गॅसचा नंबर. आईला हे कोण सांगणार? कप्तान "संसार बहुत बड़ा है" म्हणाला की ती परातीतली कणीक मळता मळता सुस्कारा टाकायची. "बघा गं बाई, एवढा मोठा संसार आणि स्वयंपाकाला एकच बाई." ती एकच बाई म्हणजे यानातली शास्त्रज्ञ. तिच्या हातात काचेच्या नळ्या असायच्या. आईला त्या फोडणीच्या बाटल्या वाटत असाव्यात.

आम्ही हसून हसून लोळायचो. मग आम्हीही त्या मालिकेला 'संसार' म्हणायला लागलो. खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसायचं नाही. "दादा, संसार लागला!" अशी मी गल्लीच्या टोकाकडे बघून हाक मारायची, आणि दादा क्रिकेट टाकून धावत यायचा. शेजारच्या मालवी काकी विचारायच्या, "कणी को संसार, बेटी?" आणि आई आतून ओरडायची, "त्या रॉकेटवाल्यांचा हो!"

पुढे ती मालिका मधेच बंद पडली. यान कुठल्याशा ढगात अडकलं होतं, कप्तान जखमी होता, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला शेतीचा कार्यक्रम लागला. दादा टीव्हीच्या पेटीवर हात आपटत राहिला. आई म्हणाली, "मांडायच्या आधीच मोडला बिचाऱ्यांचा." नंतर कितीतरी वर्षं ती मधेच विचारायची, काय रे, त्या लोकांचं पुढे काय झालं? दादाला सांगता यायचं नाही, म्हणून तो मनानेच रचून सांगायचा. शेवटच्या आजारपणातही त्यानं तिला एक सांगितलं होतं, की त्यांना जागा मिळाली, नदी आहे, आणि बाईच्या मदतीला आणखी दोघी आल्यात.

दादा देवासला कारखान्यात लागला आणि तिथंच राहिला. वहिनी पुण्याची. दादा सहज म्हणायचा, "मी जेवून राहिलो," तर ती पोट धरून हसायची. हे कुठलं मराठी, म्हणायची. सुरुवातीला आम्हीही हसलो. नंतर ती हसायची बंद झाली आणि नुसतंच चुकतं ते दाखवायला लागली, तेव्हा मला कळलं की हे काही खरं नाही. दादा सुट्टीच्या दिवशी कुणाकुणाकडून मिळवलेल्या जुन्या भागांच्या सीड्या लावून बसायचा. तिला त्या सीड्यांचा संताप यायचा. माणूस माझ्याशी चार शब्द बोलत नाही आणि पुठ्ठ्याशी बोलतो, असं ती मला एकदा म्हणाली होती. मी तिला दोष देत नाही. बरं, थोडा देते.

पण पोरगी बापाच्या मांडीवर बसून सगळं बघायची. तिला गोष्टीशी कर्तव्य नव्हतं. यान उडताना वरचा दोरा दिसायचा, तो दिसला की ती टाळ्या पिटायची. "बाबा, रॉकेट लावा ना, रॉकेट!" तिच्यासाठी त्या मालिकेचं नाव रॉकेट. संसार हे आमचं नाव, आईचं नाव. ते तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही, आणि तेव्हा आमच्या ते लक्षातही आलं नाही.

ती पाचवीत गेली त्या वर्षी वहिनी तिला घेऊन पुण्याला गेली आणि परत आली नाही. भांडण-तंडण काही नाही. कोर्टाचंही शांतपणे झालं. दादानं एका अक्षरानंही वाद घातला नाही, त्याचा मला आजही राग येतो. अरे, एकदा तरी म्हणायचं की पोरगी माझीही आहे! तो म्हणाला, "तिथं शाळा चांगल्या आहेत."

आता ती नोकरी करते, पुण्यातच. दिवाळीला फोन यायचा आणि दादाच्या वाढदिवसाला. फोनवर तिचा आवाज असा असायचा, की दवाखान्यात कुणाला भेटायला आलीय आणि बाहेर रिक्षा थांबवून ठेवलीय. औषध घेता ना, जेवता ना, बरं ठेवू. दादा फोन ठेवल्यावर तसाच हातात धरून बसायचा. ते मी बघितलं आहे, म्हणून सांगते, मला ते बघवत नसे.

तर अशात बातमी आली की ती मालिका नव्यानं येणार. टीव्हीवर नाही, ते पैसे भरून बघायचं ॲप असतं त्यावर. दर रविवारी सकाळी एक भाग.

दादा फोनवरच्या एका ग्रुपमध्ये होता. धार, देवास, इंदूर, धामनोद, सगळीकडचे त्या मालिकेचे वेडे त्यात जमलेले. एरवी तिथं सुप्रभात आणि फुलं. बातमी आली आणि ग्रुपमध्ये आग लागली. धारमधला झेरॉक्सच्या दुकानाचा मालक लिहायचा, "भिया, ये लोग सत्यानाश करेंगे, लिख के ले लो." इंदूरच्या एक बाई म्हणायच्या, निदान शेवट तरी कळेल, मरायच्या आधी शेवट कळू दे. कुणी म्हणायचं, यान पुठ्ठ्याचंच हवं. कुणी म्हणायचं, छे, आता कॉम्प्युटरवर काय काय करतात, बघाच तुम्ही. कप्तानाचं काम करणारे गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली होती, तर त्यांच्या जागी कोण, यावर दोन माणसं एकमेकांच्या आईवर गेली. दादा सगळं मला वाचून दाखवायचा. मी म्हणायची, "अरे, साठीला आलात तुम्ही लोक, लाज नाही वाटत?" आणि स्वतःच विचारायची, "मग पुढे काय लिहिलं त्यानं?"

दादानं ग्रुपवर कुणाचीच बाजू घेतली नाही. चांगली निघेल की वाईट, याच्याशी त्याला घेणं नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच होतं. पोरीला बोलवायचं आणि काय आहे ते आधी सांगायचं नाही. ती येईल, बसेल, टीव्ही लागेल, आणि तिला एकदम कळेल की अगं बाई, हे तर आपलं रॉकेट! दादा हे मला सांगताना इतका हसायला लागला, की मला रडू यायला लागलं.

त्यानं तिला मराठीत मेसेज लिहिला. पाठवायच्या आधी मला फोनवर धाडून दाखवला.

"बेटा, येत्या रविवारी सकाळी आपल्याकडे नवा संसार सुरू होतोय. आत्या येणार आहे. तू आलीस तर मला फार आनंद होईल. घराला रंग दिला आहे. बाकी सगळं आल्यावर सांगेन."

मी हिंदीची मास्तरीण. शब्द एका भाषेतून दुसरीत गेला की कसा घात करतो, हे शिकवायचा पगार घेते. मी तो मेसेज वाचला, 'रविवारी'ची वेलांटी सुधारली आणि म्हटलं, पाठव.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, तेव्हा मी रंग बघायला म्हणून देवासलाच गेले होते. "बाबा, वाचून आधी काही सुचेना. पण खूप खूप आनंद झाला. मला यायला जमणार नाही, आईला वाईट वाटेल. तुम्ही समजून घ्याल. मनापासून शुभेच्छा."

दादा म्हणाला, "आईला वाईट वाटेल म्हणते."

"वाटणारच," मी म्हटलं. "तिला त्या मालिकेचं नाव काढलेलं चालायचं नाही." मला वाटलं पोरीनं बातमी कुठंतरी वाचली असेल, ओळखलं असेल. शुभेच्छा कशाच्या, ते आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. दादानं फक्त नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं, घडी केली आणि आत ठेवून आला. रंगाचा वास अजून होता घरात.

रविवारी मी पहिल्या बसनं निघाले. पोचले तेव्हा दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मी म्हटलं, "कुणासाठी एवढं?" तो म्हणाला, "तुझ्यासाठी." आम्ही दोघं सोफ्यावर बसलो, मधली जागा सोडून. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप सुटली.

आणि लागला नवा संसार. काय सांगू! यान काचेचं, चकचकीत, इंदूरच्या मॉलसारखं. कप्तान आता एक तरुण मुलगी, काळ्या घट्ट कपड्यांतली. चांगलं काम करत होती, उगाच का खोटं बोलू. जुना कप्तान भिंतीवरच्या फोटोत होता. दोरा शोधून शोधून माझे डोळे दुखले, दोरा कुठेच नाही. मी शेवटच्या वाक्याची वाट बघत होते. दादाही बघत होता, तो पुढे सरकून बसला होता. ती मुलगी खिडकीशी गेली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "यूनिवर्स बहुत बड़ा है, गाइज़।"

गाइज़! माझं टाळकंच सटकलं. मी टीव्हीला उद्देशून जे बोलले ते शाळेतली बाई बोलत नाही. दादा मात्र मागे टेकून बसला. म्हणाला, "आईला हे कळलं नसतं." मग म्हणाला, "पोहे करतेस का?"

मी आत गेले. बाहेर त्याच्या फोनवर ग्रुप टुणटुण वाजत होता, लोकांनी दहा मिनिटांत तुकडे करून टाकले होते मालिकेचे. मी कांदा परतत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. भाची! हात हळदीचे, म्हणून मी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. तिचा आवाज ऐकून दादा दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

"आत्या, झालं का सगळं नीट?"

"झालं बाई एकदाचं," मी म्हटलं. "मला नाही आवडलं."

"असं नको ना म्हणू," ती म्हणाली. "बाबा खूश आहेत ना? किती माणसं होती?"

"माणसं कुठली? मी आणि तुझे बाबा."

ती हसली. "बरं केलंत. या वयात कशाला गाजावाजा. आणि काकू कशा आहेत गं? म्हणजे, मी काकूच म्हणणार आहे. आई म्हणायला मला जमणार नाही."

"कोण काकू?" असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात माझ्या पायाखालची फरशी सरकली. नवा संसार सुरू होतोय. घराला रंग दिला आहे. बाकी सगळं आल्यावर सांगेन. आई गं! ते मी माझ्या हातानं सुधारून दिलेलं वाक्य होतं.

ती बोलतच होती. "खरं सांगू आत्या? मेसेज वाचून मी आधी खूप रडले. आणि मग इतकं हलकं वाटलं. मला रोज भीती वाटायची, की बाबांना घरात काही झालं तर कुणाला कळणारसुद्धा नाही. फोन करायची, तर त्यांचा आवाज ऐकूनच अपराधी वाटायचं, मग मी फोनच करायची नाही. आता कुणीतरी आहे ना घरात. आता मी मोकळेपणानं फोन करीन."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते, की अगं वेडे, तसं काही नाही, ते आपलं रॉकेट आहे, रॉकेट! तोंडावर आलं होतं. दादानं दारातून मान हलवली. नको. मी डोळे मोठे केले, तर त्यानं हात जोडले. माझ्या थोरल्या भावानं मला कधी हात जोडले नव्हते.

मग तो पुढे आला आणि ओट्यावरचा फोन उचलला. "बोल बेटा."

"बाबा! अभिनंदन! काकूंना द्या ना फोन."

दादानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात झारा होता. "आत आहे," तो म्हणाला, "पोहे करतेय." आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. मला त्याचं हसणं ऐकू आलं. पोरीशी बोलताना तो इतक्या वर्षांत हसला नव्हता. पोहे तळाशी लागले, ते मी तसेच ठेवले.

नंतर मी त्याला खूप बोलले. पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरवायलाही सुचलं नाही, नुसती बोलत राहिले. उद्या ती फोटो मागेल, मग? एक दिवस दारात येऊन उभी राहील, मग? तो करपलेले पोहे शांतपणे खात होता. म्हणाला, "सांगितलं तर ती येईल. नक्की येईल. तोंड पाडून बसेल इथं सोफ्यावर, आणि परत जाऊन महिनाभर रडेल. ती हलकी झाली म्हणाली, तू ऐकलंस ना? मग राहू दे."

"आणि खोटं बोलत राहशील जन्मभर?"

"खोटं कशाला?" तो म्हणाला. "ती विचारेल संसार कसा चाललाय, मी संसाराचंच सांगीन."

आणि तेच चालू आहे. आता ती दर रविवारी फोन करते. दवाखान्याचा आवाज गेला. बॉसबद्दल बोलते, कुणी एक मुलगा आहे त्याच्याबद्दलही बोलते, खिदळते. मग विचारते, "बाबा, कसा चाललाय संसार?" आणि दादा, ज्याला आईला रचून सांगितलेल्या गोष्टी सोडल्या तर आयुष्यात थाप मारता आली नाही, तो शब्द तोलून खरं खरं सांगतो. "पहिल्या दिवशी जरा निराशा झाली गं. जुन्याची सर नाही. पण आता सवय होऊन राहिली." ती त्याला समजावते, "होतं बाबा, सुरुवातीला असंच होतं, वेळ द्या." मी समोर असले तर मला हे ऐकवत नाही, मी उठून गच्चीवर जाते. गच्चीवरून टेकडी दिसते, देवीच्या पायऱ्यांवरची माणसं दिसतात. मी तिथं उभी राहून वहिनीवर, पोरीवर, दादावर आणि त्या गाइज़वाल्या लेखकावर तोंडसुख घेते. मग डोळे पुसून खाली येते.

मागल्या महिन्यात कुरिअरनं साडी आली. काकूंसाठी. मोरपंखी, अंगभर बुट्टे, पोरीनं जीव लावून घेतलेली. दादा म्हणाला, "तू नेस." मी इतकी ओरडले की शेजारचे डोकावले. ती साडी कपाटात आहे, वहिनी ज्या खणात आपल्या साड्या ठेवायची, त्या खणात. दादानंच ठेवली.

मालिकेचे भाग आता संपत आले आहेत. पुढे येणार की इथंच गुंडाळणार, कुणाला माहीत नाही. ग्रुपवर सगळ्यांचं मात्र पक्कं ठरलंय. झेरॉक्सवाला लिहितो, बंद करो ये तमाशा. शेवटासाठी जीव टाकणाऱ्या इंदूरच्या बाईही म्हणतात, यापेक्षा अर्धवटच बरं होतं. काल दादानं आजवर कधी नव्हे ते ग्रुपवर लिहिलं. मला फोन करून वाचूनही दाखवलं, वेलांटी बरोबर आहे का म्हणून.

"भिया, मेरी हाथ जोड़कर बिनती है। जैसा भी है, संसार चालू रहने दो।"

लोकांनी खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "भिया, तुमको ऐसा क्या मिल गया इसमें?" दादानं अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या रविवार आहे, तो फोनची वाट बघतोय.